स्टिरिओ रोज सगळं विसरतो, नाहीतर बॅटरी उतरवतो: सिस्टीम बदलण्याआधी पिवळी आणि लाल वायर तपासा

गाडीतल्या स्टिरिओचं घड्याळ रोज सकाळी बारा वाजलेले दाखवतं, सेव्ह केलेली स्टेशनं गायब होतात आणि फोन पुन्हा पेअर करावा लागतो. ही पहिली तक्रार. दुसरी अशी, की गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो आणि शेजाऱ्याला हाक मारून धक्का द्यावा लागतो. तिसरी तक्रार म्हणजे गाणं चालू असताना, विशेषतः आवाज वाढवला किंवा खड्ड्यात चाक गेलं, की स्क्रीन काळी होते आणि कंपनीचा लोगो पहिल्यापासून येतो.

तिन्ही ऐकायला वेगळ्या वाटतात. दुकानात गेलं की तिन्हींवर एकच उत्तर मिळतं: 'साहेब, स्वस्तातला माल आहे, वरचं मॉडेल घ्या.' लोक घेतात, आणि तीच तक्रार नव्या सिस्टीमबरोबर परत येते, कारण वायरिंग तेच असतं. मित्र, नातेवाईक आणि सोसायटीतल्या मंडळींच्या ज्या गाड्या मी उघडून पाहिल्या, त्यांत सिस्टीम खरोखर खराब निघाल्याची उदाहरणं फार थोडी. बहुतेक वेळा घोळ तीन वायरींत असतो: पिवळी, लाल आणि काळी. त्या तपासायला तीनशे-चारशे रुपयांचा मल्टीमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि तासाभराचा वेळ पुरतो.

या तीन वायरी करतात काय

पिवळी वायर थेट बॅटरीची. चावी काढली तरी हिच्यात करंट असतो, आणि स्टेशन, घड्याळ, आवाजाची सेटिंग ही सगळी आठवण हिच्या जोरावर टिकते. लाल वायर चावीवरची: चावी ॲक्सेसरीवर फिरवली की हिच्यात करंट येतो आणि काढली की जातो, म्हणजे सिस्टीमने उठायचं कधी आणि झोपायचं कधी हे ही वायर सांगते. काळी म्हणजे अर्थ, करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट. आयएसओ कपलरवर, म्हणजे स्टिरिओच्या मागच्या ठरीव मापाच्या जोडावर, पिवळीची जागा ए४, लालची ए७ आणि काळीची ए८. निळी ए५ वर असते, ती अँटेनाची. तिच्याबद्दल पुढे येतो.

आता तक्रारी पुन्हा बघा. पिवळी आणि लाल दोन्ही चावीवर जोडल्या, तर गाडी बंद होताच सिस्टीमचा सगळा पुरवठा तुटतो आणि ती सगळं विसरते. दोन्ही थेट बॅटरीवर जोडल्या, तर सिस्टीम कधी झोपतच नाही. स्क्रीन तुम्ही बटणाने बंद केलेली असते, पण आत सगळं जागं असतं आणि बॅटरी उतरत राहते. दोन्हींची अदलाबदल झाली तर आणखी मजा: गाडी बंद केली की आठवण जाते, आणि आठवण जाते म्हणून गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येतं. काळी सैल असली की तिसरी तक्रार.

ही अदलाबदल होण्यामागे नेहमी दुकानदाराचा आळसच असतो असं नाही. आयएसओ कपलरवर ए४ आणि ए७ यांच्या जागा जुन्या फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत उलट असत. म्हणून बऱ्याच तयार हार्नेसमध्ये (कपलर लावलेल्या वायरींच्या जुडग्यात) पिवळ्या आणि लाल वायरीच्या मधोमध बुलेट कनेक्टर दिलेला असतो, म्हणजे वायर न कापता अदलाबदल करता यावी. लावणाऱ्याला तो कशासाठी आहे हे माहीत नसलं की तो जसा आला तसा राहतो. तुमच्या हार्नेसवर असे दोन छोटे जोड दिसले तर निम्मं काम झालं समजा: ते काढा, तिरपे जोडा, म्हणजे पिवळी लालला आणि लाल पिवळीला, आणि दोन दिवस बघा.

मीटर हातात घेण्याआधी

पांढऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहून डॅशबोर्डवर चिकटवावं असं एक वाक्य: डॅशबोर्डच्या मागे पिवळ्या आवरणाची जाड वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर त्याला हात लावायचा नाही. ती एअरबॅगची वायर. स्टिरिओची पिवळी वायर वेगळी, ती बारीक असते आणि फक्त सिस्टीमच्या हार्नेसला असते. टेस्ट लॅम्पची सुई चुकूनही एअरबॅगच्या वायरीत खुपसू नका. कुठलीही वायर कापायची, सोलायची किंवा जोडायची असेल तर आधी चावी काढा, १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस सोडा आणि दहा मिनिटं थांबा. मोजण्यापुरता मायनस परत लावा.

बॅटरी सोडली की काही गाड्यांत काचांचं एका दाबात वर-खाली होणं बंद पडतं. ते काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुधा परत येतं. ज्यांच्या गाडीचा मूळ कंपनीचा स्टिरिओ कोड मागतो, त्यांनी तो कोड आधी शोधून ठेवावा. गाडी विकताना मूळ स्टिरिओ परत बसवायची वेळ आली की त्या चार आकड्यांसाठी सर्व्हिस सेंटरला खेपा घालाव्या लागतात.

पहिली मोजणी: चावी काढून

सिस्टीम फ्रेमसकट बाहेर ओढा, पण कपलर लावलेलाच राहू द्या. कपलरच्या मागच्या बाजूने, जिथे वायर आत जाते तिथून, मीटरची बारीक सुई धातूला टेकवता येते. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब शक्यतो थेट बॅटरीच्या मायनसला लावा, त्यासाठी लांब वायर घ्या. डॅशबोर्डच्या कुठल्यातरी स्क्रूला लावला तर तुम्ही नक्की काय मोजताय याची खात्री राहत नाही.

चावी काढलेली असताना पिवळीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट यायला हवेत. बरी चार्ज झालेली बॅटरी शांत उभी असताना साधारण १२.६ दाखवते, १२.२ च्या आसपास आली तर ती अर्धी रिकामी आहे. तेव्हा आधी ती चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतील. लालवर शून्य यायला हवं. चावी ॲक्सेसरीवर फिरवली की लालवरही बॅटरीइतकेच व्होल्ट यायला हवेत, आणि चावी काढली की पुन्हा शून्य.

चावी काढूनही लालवर बारा राहत असेल, तर बॅटरी का उतरते याचं उत्तर मिळालं. पिवळीवर चावी काढली की शून्य होत असेल, तर आठवण का जाते याचं उत्तर मिळालं. लालवर शून्याऐवजी दोन-चार व्होल्ट रेंगाळत असतील, तर घाई करू नका. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, म्हणून हवेत लटकणारी वायरसुद्धा त्यावर काहीतरी दाखवते. तिथे टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागलाच नाही आणि व्होल्ट शून्यावर आले, तर ते भुताटकीचे व्होल्ट होते. दिवा मिणमिणला, तर कुठून तरी, बहुधा रिव्हर्स कॅमेरा किंवा ॲम्प्लिफायरच्या जोडणीतून, करंट उलटा शिरतोय.

'मीटर तर बारा दाखवतो, तरी रीस्टार्ट होते'

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की इथे जरा थांबतो.

जोड कुजलेला असला, वायरीच्या वीस तारांपैकी दोनच शिल्लक असल्या, तरी मीटर बारा व्होल्टच दाखवणार. दोन तारा मीटरला पुरतात, सिस्टीमला पुरत नाहीत. आवाज वाढवला, बेस वाजला, की सिस्टीम क्षणभर काही अँपिअर ओढते. कुजलेल्या जोडावर व्होल्ट पडतात, आतला प्रोसेसर नऊ-दहा व्होल्टच्या खाली कुठेतरी दम तोडतो आणि लोगो येतो. म्हणून मोजायचं ते सिस्टीम चालू असताना, आवाज जिथे रीस्टार्ट होते तिथवर नेऊन.

पिवळीसाठी मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा सिस्टीमच्या कपलरमधल्या पिवळीवर. म्हणजे तुम्ही बॅटरी ते सिस्टीम या प्रवासात किती व्होल्ट वाटेत हरवले ते मोजताय. अर्धा व्होल्टपर्यंत चालेल. एकच्या वर गेला तर त्या वाटेत कुठेतरी खराब जोड, बारीक वायर किंवा गंजलेला फ्यूज होल्डर आहे. काळीसाठी एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा कपलरमधल्या काळीवर. इथे आकडा ०.१ च्या आसपास असावा. ०.५ किंवा जास्त आला तर अर्थ खराब. स्वस्तात काम उरकताना काळी वायर डॅशबोर्डच्या आतल्या एखाद्या रंगवलेल्या पट्टीला स्क्रूखाली दाबून टाकतात. रंगातून करंट जाईल कसा? पहिले काही महिने स्क्रूच्या आट्यांवर भागतं, मग पावसाळा येतो.

वॅगनआरच्या एका केसमध्ये पिवळीच्या वाटेवर सव्वा व्होल्ट हरवत होता. वायर धरून मागे मागे गेल्यावर फ्यूज बॉक्सजवळ काळ्या टेपचा एक गोळा सापडला. टेप उन्हाने चिकट होऊन सरकली होती, आत दोन वायरी नुसत्या पिळलेल्या, आणि पिळ्यावर हिरवट बुरशीसारखा थर. तेवढा दोन इंचाचा तुकडा कापून सोल्डर केला, वर हीट श्रिंक ट्यूब चढवली, आणि मालक जी सिस्टीम विकायला निघाले होते ती आजही चालू आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये काळी टेप हा जोड झाकण्याचा मार्गच नव्हे. सोल्डर जमत नसेल तर क्रिंप करायचे बुलेट कनेक्टर वापरा, पण पिळून टेप नको.

एक गोष्ट मात्र बिघाड नाही. सेल्फ मारताना स्क्रीन एक-दोन सेकंद काळी होऊन गाणं जिथे होतं तिथून पुढे चालू झालं, तर ते बरोबर आहे. बऱ्याच गाड्या सेल्फच्या वेळी ॲक्सेसरीचा करंट स्वतःच तोडतात, म्हणजे सगळा जोर स्टार्टरला मिळावा. पण त्याच वेळी जर लोगो पहिल्यापासून येत असेल, तर पिवळी कमजोर आहे किंवा बॅटरी म्हातारी झालीय. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर धरा: नऊ-साडेनऊच्या खाली गेली तर आधी बॅटरीवाल्याकडे.

बॅटरी किती दिवसांत बसते, त्याचं गणित

लहान गाड्यांत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. लॉक करून उभ्या गाडीत ३० ते ५० मिलिअँपिअर करंट जाणं सामान्य; घड्याळ, अलार्म, इसीयू (गाडीचा कंट्रोल कॉम्प्युटर) यांचं तेवढं चालतंच. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे नवी बॅटरी दोन-अडीच आठवडे तरी सेल्फ मारण्याइतकी शिल्लक राहते. आता न झोपणारी सिस्टीम आणखी ३०० मिलिअँपिअर घेतेय असं धरा. दिवसाला ७.२ अँपिअर-अवर त्याचेच. तीन दिवसांत २१ च्या वर गेले, आणि ३५ मधून एवढे गेले की दोन वर्षं वापरलेली बॅटरी सेल्फ फिरवत नाही. रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्याला हे कळतच नाही, कारण रोजच्या चालण्यात भरपाई होते. तक्रार येते ती गणपतीला रेल्वेने गावी जाऊन आल्यावर.

मोजायचं असं. मीटर १० अँपिअरच्या खाचेत, बॅटरीचा मायनस काढून क्लॅम्प आणि पोल यांच्या मधोमध मीटर. बॉनेट उघडं, दारं बंद, गाडी लॉक, रिमोट चावी घरात ठेवून या. लगेच वाचू नका. गाडीच्या इसीयूला झोपायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. मग आकडा बघा, आणि स्टिरिओचा फ्यूज काढून पुन्हा बघा. फ्यूज काढल्यावर आकडा २५० वरून ३० वर आला, तर चोर सापडला. तो जागचा हललाच नाही, तर स्टिरिओला शिव्या देऊन उपयोग नाही. डिकीचा दिवा, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर हे बघा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, आतला फ्यूज उडतो.

लाल वायर बरोबर असूनही सिस्टीम करंट खात असेल, तर सेटिंगमध्ये जा. अँड्रॉइडच्या बहुतेक सिस्टीममध्ये झोपेची वेळ ठरवायची सोय असते: चावी काढल्यावर लगेच पूर्ण बंद व्हायचं, की काही तास किंवा दिवस अर्धवट जागं राहायचं. दुकानात 'दोन सेकंदात चालू होते बघा' म्हणून जे दाखवतात ते या अर्धवट झोपेच्या जोरावर. पूर्ण बंद असलेली स्वस्त सिस्टीम उठायला तीस-चाळीस सेकंद घेते. ज्याची गाडी आठवड्यातून एकदाच निघते त्याने ते तीस सेकंद सोसावेत. हा पर्याय साध्या सेटिंगमध्ये दिसला नाही तर फॅक्टरी सेटिंगमध्ये असतो; तिथला पासवर्ड बऱ्याचदा ८८८८ किंवा १२६ असतो. आत गेलात तर फक्त झोपेचा पर्याय बदला. स्क्रीनचा प्रकार, टचची दिशा असल्या गोष्टींना बोट लागलं तर स्क्रीन उलटी होते किंवा टच मरतो, आणि मग परत यायचा रस्ता शोधावा लागतो.

लाल वायर आणायची कुठून

मूळ स्टिरिओ असलेल्या गाडीत ॲक्सेसरीची वायर कपलरमध्ये तयार असते. मारुतीचा, ह्युंदाईचा, होंडाचा कपलर आयएसओ नसतो, पण त्या त्या गाडीचा अडॅप्टर हार्नेस मिळतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं की हातात ठेवतात. दोनशे-चारशे रुपये वाचवायला मूळ कपलर कापून वायरी थेट जोडणारा माणूस असेल, तर गाडी तिथून काढा. कपलर कापला की वॉरंटीत इलेक्ट्रिकच्या कामावर वाद सुरू होतो, आणि पुढच्या वेळी कुठली वायर कशाची हे कोणालाच कळत नाही. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग सिस्टीमच्या रंगांशी जुळतील याची अजिबात खात्री नसते. रंगावर नको, मीटरवर विश्वास ठेवा.

पोलो, व्हेंटो, रॅपिड अशा गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांत स्टिरिओच्या कपलरमध्ये चावीवरची वायरच नसते. 'चावी फिरली' हा निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या निरोपांच्या तारेवरून, येतो. बरोबर काम करायचं तर कॅन बस डिकोडर असलेला हार्नेस लागतो, तो डबी निरोप ऐकून लालवर बारा व्होल्ट देते. ती महाग पडते म्हणून लाल आणि पिवळी एकत्र बांधून देणारे पुष्कळ आहेत. अशा गाडीचा मालक बॅटरीला दोष देत फिरतो. डबी नकोच असेल तर फ्यूज बॉक्समधल्या चावीवरच्या एखाद्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून, लाल घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरूनही घेता येते, पण काही गाड्यांत तो सॉकेट चावी काढल्यावरही चालू असतो. आधी मोजा. एअरबॅग, एबीएस, इंजिन यांच्या फ्यूजवरून काहीही घ्यायचं नाही.

फ्यूज वारंवार उडत असेल तर १० च्या जागी ३० चा घालून किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बघणं बंद करा. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. तो मोठा केला की जळायची पाळी वायरीवर येते. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी सोललेली वायर बॉडीला लागतेय, बहुधा सिस्टीम आत ढकलताना फ्रेमच्या धारेने.

स्टेशन 'गायब' होणं: या तक्रारीचा चुलतभाऊ

पुण्यात आकाशवाणीचं १०१ काल लागत होतं, आज लागत नाही, खासगी स्टेशनं मात्र लागतात. अँटेना बदलायला निघण्याआधी रेडिओच्या सेटिंगमधला देश किंवा विभाग बघा. तिथे अमेरिका असेल तर रेडिओ ०.२ च्या उड्या मारतो: १००.९, मग १०१.१. मधलं १०१.० त्याच्या पायरीवर नाहीच. ९३.५, ९८.३ सापडतात, म्हणून अँटेना बरी आहे हेही कळतं. जपान असेल तर पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर संपते आणि आपल्याकडचं जवळपास काहीच लागत नाही. युरोप निवडा, सगळं जागेवर येतं. ही सेटिंग ज्या सिस्टीममध्ये पिवळीच्या आधारावर टिकते, त्यांत पिवळी चुकली की रोज सकाळी अमेरिका परत येते. म्हणजे 'एफएम अधूनमधून जातं' ही तक्रारही शेवटी त्याच वायरीची.

सगळीच स्टेशनं खरखरत असतील तर निळी वायर. छतावर आखूड अँटेना असलेल्या अनेक गाड्यांत तिच्या बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला बारा व्होल्ट निळीतून जातात. निळी मोकळी सोडली की मोठ्या शहरात टॉवरजवळ चालतं आणि घाट लागला की संपतं. निळी जोडल्यावरही खरखर राहिली तर सिगारेट सॉकेटमधला चार्जर काढून बघा. स्वस्त चार्जर रेडिओचा पक्का वैरी. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी स्पीकरमधून येत असेल तर तिथेही चार्जर, मग अर्थ, याच क्रमाने बघा.

स्पीकरबद्दल एकच गोष्ट, कारण तिच्यामुळे खरोखर सिस्टीम मरते. आजच्या सिस्टीममध्ये स्पीकरचा मायनस म्हणजे अर्थ नव्हे. दोन्ही वायरींवर ॲम्प्लिफायर काम करत असतो. जुन्या गाडीत चार स्पीकरांचे मायनस एकत्र करून बॉडीला जोडलेले असतील आणि नवीन सिस्टीम तशीच जोडली, तर आतली ॲम्प्लिफायरची चिप, म्हणजे आयसी, एक तर आवाज बंद करून बसते नाहीतर जळते. प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन वायरी, बस.

अजून घेतली नसेल तर

सहा-सात हजारांत मोठ्या स्क्रीनची अँड्रॉइड सिस्टीम घेणाऱ्याला मी थोडं थांबवतो. खोक्यावर '४ × ५० वॅट' लिहिलेलं असतं, पण या सिस्टीममध्ये सर्रास सापडणारी टीडीए७३८८ ही आयसी तिच्या स्वतःच्या माहितीपत्रकाप्रमाणे १४.४ व्होल्टवर, तेही आवाज १० टक्के फाटलेला धरून, चॅनेलला २६ वॅट देते. स्वच्छ आवाज त्याहून कमी. ते काही वाईट नाही, कंपनीच्या स्पीकरला तेवढं पुरतं, फक्त ५० च्या नावाने जास्त पैसे देऊ नका. 'अँड्रॉइड १३' हेही खोक्यावर आणि सेटिंगच्या पानावर लिहिता येतं. दुकानातच सीपीयू-झेडसारखं ॲप टाकून एपीआयचा (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक) आकडा बघा: ३३ असेल तर अँड्रॉइड १३, २९ असेल तर १०, २७ असेल तर ८.१. रॅमही तिथेच दिसते, जरी तिचा आकडाही कधीकधी रंगवलेला असतो.

ज्याला नकाशा आणि गाणी एवढंच हवंय, त्याने स्वतःची अँड्रॉइड नसलेली, फक्त फोन जोडून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले दाखवणारी सिस्टीम बघावी. ती लवकर उठते, कमी तापते, आणि तीन वर्षांनी ॲप जुनं झालं म्हणून मरत नाही. स्क्रीनच नको असेल तर ओळखीच्या कंपनीचा सिंगल डिन ब्लूटूथ स्टिरिओ घ्या. त्याच्या मापाचा गाळा १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिनचा १८० बाय १००. नऊ इंची स्क्रीनला मात्र त्या गाडीचीच फ्रेम लागते, त्यामुळे गाडी बदलली की ती सोबत येत नाही. अगदी स्वस्त एमपीथ्री प्लेअरांत काही असे असतात की त्यांना पिवळी वायरच नसते, फक्त लाल आणि काळी. त्यांत घड्याळ टिकत नसेल तर ती रचना आहे, बिघाड नाही.

सगळं तपासलं, तरी विसरतेच

मग सिस्टीम गाडीतून काढा. पिवळी आणि लाल एकत्र करून चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मध्ये हार्नेसवरचा फ्यूज राहू द्या, काळी मायनसला. घड्याळ लावा, दोन स्टेशनं सेव्ह करा, एक स्पीकर जोडून पाच मिनिटं वाजवा. आता फक्त लाल सोडा, पिवळी तशीच राहू द्या, अर्धा तास थांबा आणि लाल परत लावा. घड्याळ बरोबर पुढे गेलं असेल तर सिस्टीम निर्दोष आहे, गाडीकडे परत जा. बारा वाजले असतील तर सिस्टीमच खराब, आणि हाच प्रयोग दुकानदाराच्या टेबलावर, त्याच्याच बॅटरीवर, बिल समोर ठेवून पुन्हा करून दाखवा. गाडीच्या वायरिंगवर ढकलायला मग त्याच्याकडे वायरिंगच उरत नाही.